पीआरसी येणार म्हणून निवेदन लिहिताय? आधी लेखाशीर्ष शोधा

जिल्हा परिषदेच्या भिंतींना घाईघाईने रंग लागला, शाळेत जुन्या रजिस्टरांवरची धूळ झटकली गेली आणि ग्रामसेवकाचा फोन लागेनासा झाला, की समजायचं विधिमंडळाची पंचायती राज समिती येतेय. आपल्याकडे तिला सगळे पीआरसीच म्हणतात. मग विश्रामगृहाच्या फाटकापाशी फायली घेऊन माणसं उभी राहतात. मीही एकदा उभा होतो, गावच्या पाणी योजनेचं चौदा पानी निवेदन घेऊन. एका सदस्याने उभ्याउभ्या पहिलं पान चाळलं आणि विचारलं, "कोणत्या वर्षाचं, कोणत्या हेडखालचं?" हेड म्हणजे लेखाशीर्ष, सरकारी हिशेबात त्या खर्चाला दिलेला क्रमांक. मला सांगता आलं नाही. निवेदन गठ्ठ्यात गेलं ते गेलंच.

विधिमंडळाची समिती हिशेब तपासते. आपण तिच्यापुढे गाऱ्हाणं मांडतो आणि मग म्हणतो, कोणी ऐकत नाही. समितीच्या हाती कागद असतात: लेखापरीक्षा अहवाल, तरतूद, खर्च, विभागाचं उत्तर. त्या कागदांत आपला प्रश्न बसला तर तो साक्षीत, म्हणजे समिती अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारते तेव्हा, विचारला जातो. तो बसवायचा क्रम पुढे दिला आहे. उदाहरण म्हणून अर्धवट पाण्याच्या टाकीचं घेतलंय, कारण मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत ते कोणालाही कळेल.

## टप्पा १: पैसा कोणाचा आणि कोणत्या अवस्थेतला

पहिली चूक इथेच होते. घोषणा, तरतूद, वितरण आणि खर्च या चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि बातमीत चौघींनाही "निधी मंजूर" म्हणतात.

ऑक्टोबर २०१६ मध्ये मंत्रिमंडळाची बैठक आपल्या विभागीय मुख्यालयात, छत्रपती संभाजीनगरला झाली आणि ४९ हजार कोटींच्या आसपासची घोषणा झाली. १६ सप्टेंबर २०२३ ला पुन्हा तिथेच बैठक झाली, तेव्हा ४५ हजार कोटींहून अधिकची. त्या आकड्यांचं कात्रण निवेदनाला जोडू नका. मंत्रिमंडळाच्या घोषणेला लेखाशीर्ष नसतं, आणि ज्याला लेखाशीर्ष नाही त्याचा हिशेब कोणाला मागता येत नाही. घोषणेतलं एखादं काम पुढच्या अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत आलं का, एवढंच पाहायचं. आलं असेल तर रक्कम किती, तेही पाहायचं. कित्येकदा १ हजार रुपयांची टोकन तरतूद असते. तेवढ्याने काम सुरू होत नाही, फक्त अर्थसंकल्पाच्या पुस्तकात त्याला एक ओळ मिळते.

त्यानंतर हिस्सा पाहा. केंद्र पुरस्कृत योजनांमध्ये महाराष्ट्रासाठी साधारण प्रमाण ६०:४० आहे. घरकुल, ग्रामसडक, समग्र शिक्षा, राष्ट्रीय आरोग्य अभियान यांत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. जलजीवन मिशनमध्ये ५०:५०. अतिवृष्टीची मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते तेव्हा केंद्र ७५, राज्य २५. वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीचा निधी मात्र पूर्ण केंद्राचा. पंधराव्या आयोगाच्या वाटपात महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८० टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के ठरले होते. त्यातला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेपुरताच.

दोन्ही सरकारांच्या भागीदारीचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेमार्ग. लांबी २६१ किलोमीटर, खर्च निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. एका वर्षाची तरतूद शोधायची तर दोन ठिकाणी शोधावी लागते: केंद्राची रेल्वेच्या पिंक बुकमध्ये, म्हणजे कामनिहाय तरतुदींच्या पुस्तकात, राज्याची गृह विभागाच्या परिवहन शाखेच्या अर्थसंकल्पी मागणीत. एकच बाजू पाहून "केंद्राने थांबवलं" किंवा "राज्याने थांबवलं" असं लिहिणारे दोन्ही बाजूंनी खोटे पडलेले मी पाहिले आहेत.

तपासा: तुमच्या कामासाठी एक वाक्य लिहिता येतंय का? "अमुक योजना, केंद्राचा हिस्सा इतका, राज्याचा इतका, प्रशासकीय मान्यता अमुक तारखेची, रक्कम इतकी." येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: लेखाशीर्ष पकडा

निधी वितरणाचा प्रत्येक शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर असतो. विभाग निवडायचा, तारखेचा पट्टा द्यायचा आणि विषयात योजनेचं नाव शोधायचं. जीआरच्या पोटात एक परिच्छेद असतोच: "सदर खर्च मागणी क्रमांक अमुक, लेखाशीर्ष अमुक खालील मंजूर तरतुदीतून भागवावा." तो परिच्छेद म्हणजे तुमचा पत्ता.

लेखाशीर्षाचे पहिले चार आकडे ओळखायला शिका. २२१५ पाणीपुरवठा व स्वच्छता, २२१० आरोग्य, २२०२ शिक्षण, २५१५ ग्रामविकासाचे इतर कार्यक्रम, ३०५४ रस्ते व पूल, ५०५४ रस्त्यांवरचा भांडवली खर्च, २२४५ नैसर्गिक आपत्ती. पहिला आकडा २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली. एका योजनेला बहुतेक वेळा एकाहून जास्त लेखाशीर्षं असतात. केंद्र हिस्सा वेगळा, राज्य हिस्सा वेगळा, अनुसूचित जाती घटकाचा वेगळा, आदिवासी घटकाचा वेगळा. एकच धरलं तर अर्धाच पैसा दिसतो आणि साक्षीत अधिकारी शांतपणे सांगतो, "उरलेलं दुसऱ्या हेडला आहे, साहेब."

लेखाशीर्ष हाती आलं की महाकोष संकेतस्थळावर बीम्स, म्हणजे राज्याच्या निधी वितरणाची ऑनलाइन नोंद, उघडा. तिथे वर्षाची तरतूद, वितरित रक्कम आणि खर्च शेजारीशेजारी दिसतात. ज्या दिवशी पाहिलं त्या दिवसाची छापील प्रत काढा आणि वर तारीख घाला, कारण आकडे रोज बदलतात.

खबरदार: एकक पाहा. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत आकडे हजारांत असतात, जीआरमध्ये कधी लाखांत, भाषणात कोटींत. हजारांतला आकडा लाखांत वाचून पाठवलेलं निवेदन पहिल्याच मिनिटाला निकालात निघतं, आणि पुढच्या वेळी तुमचं नाव पाहून हसतात ते वेगळंच.

पाटबंधाऱ्याचा प्रश्न असेल तर आणखी एक पायरी. गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाला राज्याकडून पैसा भागभांडवली अंशदान म्हणून, म्हणजे महामंडळाच्या भांडवलातला राज्याचा वाटा म्हणून, जातो. बीम्सवर तेवढंच कळतं. कोणत्या तलावावर, कोणत्या कालव्यावर किती गेले, हे महामंडळाच्या लेख्यांतून आणि विभागीय कार्यालयाच्या कामनिहाय तक्त्यातून काढावं लागतं.

## टप्पा ३: पैसा नेमका कुठे अडला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. "निधी नाही" हे कंत्राटदाराचं, अभियंत्याचं आणि सरपंचाचं एकच उत्तर असतं. त्यामागे मात्र सहा वेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा जबाबदार माणूस वेगळा.

एक, तरतूद आहे, वितरण नाही. वित्त विभागाने वर्षभरात ठरावीक टक्केच सोडले. बीम्सवर दोन रकान्यांतला फरक पाहिला की कळतं. जबाबदार मंत्रालय. जिल्ह्यात ओरडून उपयोग नाही.

दोन, केंद्राचा हप्ता आलेला नाही. याचं कारण अनेकदा आपल्याच बाजूला असतं: आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, गेलेलं नसतं. म्हणून "केंद्र पैसा देत नाही" असं लिहिण्याआधी एकच विचारा, मागचं उपयोगिता प्रमाणपत्र कोणत्या तारखेला पाठवलं?

तीन, केंद्राचा आला, राज्याने आपला जोडला नाही. दोन्ही हिश्श्यांच्या जीआरच्या तारखा शेजारी लिहा. अंतर डोळ्याला दिसतं.

चार, पैसा एकल नोडल खात्यात पडून आहे. जुलै २०२१ पासून केंद्र पुरस्कृत योजनेचा पैसा राज्याच्या एका नोडल संस्थेच्या खात्यातून खाली जातो. कोषागारातून त्या खात्यात रक्कम वळली की बीम्सवर ती "खर्च" दिसते. टाकीवर एक वीटही चढलेली नसते, तरी खर्च शंभर टक्के! बीम्सचा खर्च म्हणजे कोषागारातून बाहेर पडलेला पैसा, त्यातून काम किती झालं ते बीम्स सांगत नाही. हे ज्याला कळलं त्याचं निम्मं काम झालं. आता काही योजना स्पर्श पद्धतीवर जात आहेत, तिथे पैसा देयकापुरताच निघतो. तुमची योजना कोणत्या पद्धतीवर आहे ते आधी विचारा.

पाच, जिल्ह्यातच अडकला. जिल्हा परिषदेच्या बँक खात्यात किंवा स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या पदनामाने कोषागारात असलेल्या खात्यात. मार्चअखेरीस निधी परत जाऊ नये म्हणून काढून ठेवायचा, ही जुनी खोड. लेखापरीक्षेचा यावर कायम डोळा असतो.

सहा, देयकच दाखल नाही. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीत, नोंद नाही, तर बिल नाही, तर पैसा नाही. अशा वेळी निधीचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रश्न उपअभियंत्याच्या टेबलाचा असतो.

खबरदार: जिल्हा नियोजन समितीकडून जिल्हा परिषदेला मिळालेला निधी खर्चायला दोन आर्थिक वर्षांची मुदत असते. पहिल्याच वर्षाच्या ३१ मार्चला तो शिल्लक दिसला म्हणून "निधी परत गेला" असं लिहू नका. परत गेला असेल तर समर्पणाचा, म्हणजे निधी परत केल्याचा, आदेश असतो. तो मागा.

या सहातलं कारण शोधायला माहितीचा अधिकार वापरा, पण नेमका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. "निधी का मिळाला नाही?" असं विचारू नका. "का"ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, ते फक्त असलेली नोंद देतात. असं विचारा: "लेखाशीर्ष अमुक खाली २०२३-२४ मध्ये आपल्या कार्यालयास प्राप्त, खर्चित व अखर्चित रकमेचा कामनिहाय तक्ता, तसेच शासनास पाठवलेल्या उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत." तीस दिवस धरा. त्यापेक्षा लवकर हवं असेल तर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कार्यालयात अभिलेख पाहायला जाता येतं. वहीपेन घेऊन जा.

## टप्पा ४: लेखापरीक्षेत हा विषय आधीच आलाय का

समितीला सगळ्यात आवडतो तो आधीच नोंदलेला आक्षेप. तुमचं गाव त्यात नसेना, तुमच्या तक्रारीचा प्रकार असला तरी पुरतो.

जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीचं लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालय करतं. त्या अहवालात परिच्छेद क्रमांक, आक्षेपाधीन रक्कम आणि वसूलपात्र रक्कम असते. राज्याच्या विभागांचं लेखापरीक्षण भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. त्यांचा अहवाल राज्यघटनेच्या अनुच्छेद १५१ प्रमाणे राज्यपालांकडे जातो, सभागृहात मांडला जातो आणि मगच संकेतस्थळावर येतो. त्यात राज्य वित्तव्यवस्थेचा अहवाल वेगळा असतो. प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रं, वैयक्तिक ठेव खात्यांतल्या शिलका, मार्चमधली खर्चाची घाई हे सगळं तिथे सापडतं.

तपासा: समिती कोणत्या वर्षाचा अहवाल घेऊन येतेय? पीआरसी बहुधा काही वर्षं मागचे लेखापरीक्षा परिच्छेद काढते. तुमचं काम त्या वर्षांतलं नसेल तर त्याच लेखाशीर्षाचा, त्याच पद्धतीचा जुना परिच्छेद शोधा आणि "हा प्रकार अजून चालू आहे" म्हणून आपलं काम त्याला बांधा. ही जोडणी जमली की निवेदन गठ्ठ्यातून वर येतं.

## टप्पा ५: दार कोणतं ठोठावायचं

इथे घोळ प्रचंड आहे, म्हणून थोडक्यात पण नेमकं.

काम जिल्हा परिषद, पंचायत समिती किंवा ग्रामपंचायतीने केलं असेल तर पंचायती राज समिती. टाकीचं काम जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे असेल तर इथेच. तेच काम राज्याच्या जीवन प्राधिकरणाकडे असेल तर पीआरसीला देऊन काही उपयोग नाही, तिथे प्रश्न पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाच्या नावाने न्यावा लागतो. महालेखापरीक्षकांच्या अहवालात परिच्छेद असेल तर लोकलेखा समिती. तिचं अध्यक्षपद प्रथेने विरोधी पक्षाकडे असतं. तरतूद वाजवी आहे का, काटकसर झाली का, हा मुद्दा असेल तर अंदाज समिती. सरकारी कंपन्या, महामंडळं यांसाठी सार्वजनिक उपक्रम समिती. दलित किंवा आदिवासी वस्तीचा निधी दुसरीकडे वळवला असेल तर अनुसूचित जाती कल्याण समिती किंवा अनुसूचित जमाती कल्याण समिती. मंत्र्याने सभागृहात शब्द दिला आणि पाळला नाही, तर आश्वासन समिती. तिच्यासाठी फक्त कामकाजाची तारीख आणि मंत्र्याचं वाक्य लागतं.

केंद्राच्या योजनेसाठी आणखी एक दार आहे, ते लोक विसरतात: जिल्ह्याची दिशा समिती. अध्यक्ष खासदार, सदस्य सचिव जिल्हाधिकारी, बैठक दर तिमाहीला अपेक्षित. ही विधिमंडळाची समिती नाही, पण केंद्राच्या योजनेचा भौतिक आणि आर्थिक अहवाल तिथे ठेवावा लागतो. मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. अभियंत्याने तिथे खासदारांना दिलेला आकडा आणि तुम्हाला दिलेला आकडा जुळत नसेल, तर तुमच्या हाती मोठं पान लागलं.

खबरदार: मराठवाडा विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. तरीही "विकास मंडळाने अनुशेष तपासावा" अशी निवेदनं अजून फिरतात. आणि न्यायालयात प्रलंबित प्रकरण कोणत्याच समितीकडे नेऊ नका, ते बाजूला ठेवतील.

## टप्पा ६: निवेदन, दोन पानांत

मागणी लिहू नका, प्रश्न लिहून द्या. सदस्याला साक्षीत अधिकाऱ्याला विचारायला तयार प्रश्न हवा असतो. मागणीचं तो काय करणार? माझ्याकडचा साचा असा:

*प्रति, मा. समिती प्रमुख, पंचायती राज समिती, महाराष्ट्र विधानमंडळ.*
*विषय: मौजे …, ता. …, जि. … येथील पाणीपुरवठा योजनेच्या निधीच्या विनियोगाबाबत.*
*१) प्रशासकीय मान्यता: क्रमांक, दिनांक, रक्कम.*
*२) लेखाशीर्ष: केंद्र हिस्सा …, राज्य हिस्सा ….*
*३) जिल्हा परिषदेस प्राप्त रक्कम व दिनांक, कामावर प्रत्यक्ष खर्च, शिल्लक (माहिती अधिकारातील उत्तर, सहपत्र १).*
*४) संबंधित लेखापरीक्षा परिच्छेद क्रमांक व वर्ष (सहपत्र २).*
*मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पुढील बाबी विचाराव्यात, ही विनंती:*
*अ) प्राप्त रक्कम व मोजमाप पुस्तिकेतील नोंद यांत इतकी तफावत का?*
*आ) शिल्लक रक्कम आज कोणत्या खात्यात आहे व त्यावरील व्याज कोठे जमा केले?*
*इ) उपयोगिता प्रमाणपत्र पूर्ण रकमेचे दिले असल्यास ते कोणत्या आधारावर दिले?*

तीनच प्रश्न ठेवा. व्याजाचा प्रश्न जरूर ठेवा, त्याला टाळाटाळीचं उत्तर देता येत नाही. सहपत्रांवर क्रमांक घाला, फोटोंवर तारीख. "भ्रष्टाचार", "संगनमत", "मलिदा" हे शब्द काढून टाका. आरोप आला की अधिकारी चौकशी समिती नेमतो म्हणतो आणि सुटतो. आकडा आला की त्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं.

## टप्पा ७: दौऱ्याच्या आधी आणि दौऱ्यात

दौरा जाहीर झाला की जिल्हा परिषदेकडे प्रश्नावली आधीच आलेली असते आणि तिची उत्तरं भरणं सुरू असतं. म्हणून निवेदन दौऱ्याच्या सकाळी नाही, किमान पंधरा दिवस आधी विधान भवन, मुंबई इथल्या विधानमंडळ सचिवालयाकडे समितीच्या नावाने स्पीड पोस्टाने पाठवा. एक प्रत आपल्या आमदारांना द्या. समितीत आपल्या विभागातले सदस्य असतील तर त्यांनाही द्या.

जिल्हा परिषदेचा दौरा साधारण तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी स्थानिक आमदारांशी अनौपचारिक चर्चा होते आणि लेखापरीक्षा परिच्छेदांवर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष. दुसऱ्या दिवशी सदस्य गट करून पंचायत समित्या, शाळा, आरोग्य केंद्रं पाहतात. तिसऱ्या दिवशी वार्षिक प्रशासन अहवालावर साक्ष. तुमची खरी संधी पहिल्या सकाळी आमदारांच्या चर्चेआधी आणि दुसऱ्या दिवशी तालुक्यात असते. तालुक्यात सदस्य मोकळे असतात, गाडी थांबवून टाकी पाहायलाही तयार होतात. तिसऱ्या दिवशी दुपारी विश्रामगृहावर गर्दी करणारे उशिरा आलेले असतात.

खबरदार: साक्ष बंद दाराआड होते. आत काय झालं ते कोणी सांगितलं तरी, अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत ते व्हॉट्सॲपवर किंवा बातमीत टाकू नका. तो सभागृहाचा विशेषाधिकारभंग ठरू शकतो. आपलं स्वतःचं निवेदन आणि माहिती अधिकारातले कागद मात्र आपले आहेत.

आणि कोणी "समितीच्या खर्चासाठी" म्हणून गावाकडे वर्गणी मागितली, तर देऊ नका. समितीच्या दौऱ्याचा खर्च भागवणं हे गावाचं काम नाही.

## टप्पा ८: समिती गेल्यावर

बहुतेक लोक इथे सोडून देतात. समिती शिक्षा करत नाही, शिफारस करते. शिफारस अहवालात येते, अहवाल सभागृहात मांडला जातो आणि त्यावर विभागाला काय कार्यवाही केली ते कळवावं लागतं. याला महिने जातात, कधी वर्षं.

साक्षीचा वृत्तांत माहितीच्या अधिकारात मागू नका, विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचं कलम ८(१)(ग) दाखवून नाकारतील. विभागाच्या फायलीतलं मागा: प्रलंबित परिच्छेदांचं अनुपालन, वसुलीचे आदेश, जिल्हा परिषदेने शासनाला पाठवलेली पत्रं. ते देणं टाळता येत नाही.

मधल्या काळात आमदारांना दोन छोटी कामं सांगा. अधिवेशनात त्याच लेखाशीर्षावर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, आणि मार्चमध्ये मागण्यांवर चर्चा असेल तेव्हा त्या मागणीला कपात सूचना. कपात सूचनेने पैसा कापला जात नाही, मंत्र्याला विषयाची नोंद घ्यावी लागते. प्रश्नाचा मसुदा तुम्हीच लिहून द्या. आमदारांच्या स्वीय सहायकाकडे असे शंभर कागद असतात, त्यात मागणी क्रमांक आणि लेखाशीर्ष लिहिलेला एखादाच असतो.

उत्तर "कार्यवाही सुरू आहे" असं आलं, तर त्या उत्तराची तारीख टिपून ठेवा आणि पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न ती तारीख घालून पुन्हा द्या. मंत्री सभागृहात "तीन महिन्यांत पूर्ण करू" म्हणाले, तर तो कामकाजाचा उतारा काढा आणि चौथ्या महिन्यात आश्वासन समितीला पाठवा.